परांचीला धनी हवा : उंचीवरच्या कामाविषयी वाचकांचे प्रश्न

एप्रिल-मे हा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात परांच्यांचा, म्हणजे उंचीवरच्या कामासाठी पाइप किंवा बांबूंच्या बांधायच्या मचाणांचा, हंगाम असतो. साखर कारखान्यांचे गाळप संपून दुरुस्तीची कामे निघालेली असतात, औद्योगिक वसाहतींतल्या शेडचे पत्रे पावसाच्या आत बदलून घ्यायचे असतात, उपनगरांतल्या इमारतींचा बाहेरचा गिलावा जूनपूर्वी उरकायचा असतो आणि पेठांतले घरमालकही रंगाऱ्याला याच दिवसांत बोलावतात. घाई सगळ्यांनाच असते आणि तिचा पहिला फटका परांचीला बसतो, कारण ती कोणाच्याच हिशेबात मूळ काम नसते; ती मूळ कामाआधी भराभर उभी करायची आणि नंतर मोडून टाकायची गोष्ट असते. आलेल्या पत्रांतील प्रश्न वेगवेगळे असले, तरी जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी एकच अडचण दिसते : या तात्पुरत्या बांधकामाला धनी नाही. उत्तरे देताना मी हाच धागा धरला आहे.

प्रश्न : आमच्या फौंड्रीत शेडचे सिमेंटचे पत्रे बदलण्यासाठी आणि ओव्हरहेड क्रेनच्या गर्डरला रंग देण्यासाठी ठेकेदाराने पाइपची परांची उभारली आहे. परांची ठेकेदाराची आणि माणसेही त्याचीच, म्हणून कंपनीच्या पर्यवेक्षकाने त्यात लक्ष घालू नये व कोठे सहीही करू नये, असे मला वरून सांगण्यात आले आहे. ठेकेदाराचा मुकादम म्हणतो, की जागा तुमची आणि क्रेनही तुमची, तेव्हा तुम्हीच बघा. नेमके कोणी बघायचे?
— देखभाल विभागातील पर्यवेक्षक, शिरोली औद्योगिक वसाहत

उत्तर : दोघांनीही बघायचे, मात्र चढण्याची परवानगी एकाच माणसाने, स्वतःच्या नावाने आणि लेखी द्यायची. सही केली नाही म्हणजे जबाबदारी टळली, हा समज आपल्या वरिष्ठांनी मनातून काढून टाकलेला बरा. कारखाने अधिनियम, १९४८ (त्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली) याच्या कलम ३२ ने कामाच्या जागी सुरक्षित पोहोचण्याची आणि उंचीवरून पडू नये यासाठीची व्यवस्था कारखान्यावर टाकताना ‘आपला कामगार’ आणि ‘ठेकेदाराचा कामगार’ असा भेद केलेला नव्हता. तेथे काम करावे लागणारी कोणतीही व्यक्ती त्यात येत असे. दुर्घटनेत माणूस दगावलाच, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा तपास होतो आणि त्यात पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की या परांचीवर चढा असे कोणी सांगितले.

ठेकेदाराच्या जाणकार माणसाने परांची बांधून पूर्ण केल्याचे लिहून द्यावे, त्यानंतर आपण तिची तपासणी करावी, आणि मगच चढण्याच्या शिडीपाशी हिरवा फलक लागावा. त्या फलकावर तपासणाऱ्याचे नाव, तारीख, किती वजन चालेल आणि पुढची तपासणी केव्हा, एवढे असावे. बांधकाम अर्धवट असेपर्यंत किंवा त्यात फेरफार चालू असताना तेथे लाल फलक असला पाहिजे आणि शिडी बांधून किंवा काढून ठेवलेली असली पाहिजे. तपासणी रोज पाळी सुरू होण्यापूर्वी करावी. शिवाय वादळ-पाऊस झाल्यावर, परांचीला काही धडकल्यावर आणि कोणी एखादा पाइप जरी हलवला तरी ती नव्याने करावी.

तपासणी नेहमी खालून वर जाते. प्रत्येक उभ्या पाइपखाली बेस प्लेट आणि तिच्याखाली जाड फळी आहे का, पाइप ओळंब्यात आहे का, तिरपे पाइप तळापासून माथ्यापर्यंत सलग गेले आहेत का, परांची इमारतीच्या खांबांना बांधली आहे का, हे क्रमाने पाहावे. मग कप्लरकडे, म्हणजे पाइप एकमेकांना जोडणाऱ्या पकडींकडे, वळावे, आणि येथे डोळ्यांवर न विसंबता हातात पाना घ्यावा. जुन्या कप्लरच्या बोल्टचे आटे झिजलेले असतात. नट फिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि भार आला की घसरतो. भार घेणाऱ्या सांध्यात काटकोनी कप्लरच हवा. हाताशी आहे म्हणून तेथे फिरता कप्लर लावलेला असेल, तर तो बदलून घ्यावा. आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या कामावरून परत आलेले पाइपही सर्रास वापरले जातात. वेल्डिंगने भोक पडलेला, चेपलेला किंवा वाकलेला पाइप सरळ बाजूला काढून त्यावर रंगाचा पट्टा मारावा, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा परांचीत दिसणार नाही.

फौंड्रीत आणखी तीन गोष्टी आहेत. फळ्यांवर वाळूची काळी पूड आणि क्रेनच्या रुळाचे ग्रीस साचते, त्यामुळे फळ्या रोज झाडल्या पाहिजेत. सिमेंटच्या पत्र्यावर माणसाने थेट पाय देता कामा नये. पत्रा कितीही धड दिसला, तरी तो अचानक तुटतो. म्हणून पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या तुळयांवर) टेकणाऱ्या शिडीसारख्या फळ्या वर आणि सुरक्षा जाळी खाली हवी. तिसरी गोष्ट क्रेनची, आणि माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत धोकादायक तीच आहे. क्रेन चालवणाऱ्याला ‘इकडे आणू नकोस’ एवढे सांगून भागत नाही, कारण दुपारी पाळी बदलते आणि नव्या माणसाला ते माहीत नसते. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे आणि किल्ली परांचीवर काम करणाऱ्या टोळीच्या प्रमुखाच्या खिशात असावी. उत्पादन थांबवणे शक्यच नसेल, तर रुळावर कामाच्या जागेच्या बऱ्याच अलीकडे पक्के अडथळे बोल्ट करून बसवावेत. ही दोन्ही कामे ठेकेदार करू शकत नाही, ती कंपनीलाच करावी लागतात. आपल्या वरिष्ठांना दाखवायला एवढे पुरेसे आहे.

प्रश्न : मी इमारतींना बाहेरून रंग देतो. ठेकेदाराने सेफ्टी बेल्ट दिला आहे आणि तो लावला नाही तर दंड करतो. पण हुक अडकवायचा कोठे, हे कोणीच सांगत नाही. आम्ही पायाजवळच्या पाइपला अडकवतो. ते बरोबर आहे का?
— रंगारी, कसबा बावडा

उत्तर : बरोबर नाही, आणि त्यात आपली चूक नाही. बेल्ट देणाऱ्यानेच हुकाची जागा दाखवून दिली पाहिजे.

हिशेब असा आहे. बेल्टची दोरी साधारण सहा फूट असते. माणूस पडला की तिच्यातला झटका शोषणारा भाग उसवत सुमारे साडेतीन फूट लांब होतो. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत माणसाचे पाच फूट धरा आणि खाली तीन फूट मोकळे राहायला हवेत. ही बेरीज साडेसतरा फूट होते. म्हणजे हुक जेथे अडकवला आहे, त्याच्या खाली निदान एवढी मोकळी जागा असेल तरच तो बेल्ट माणसाला जमिनीच्या वर थांबवेल. आपण पहिल्या मजल्याच्या उंचीवर, बारा फुटांवर उभे राहून पायाजवळ हुक अडकवला, तर बेल्ट असूनही माणूस जमिनीवर आपटेल. तोच हुक डोक्याच्या वर अडकवला, तर पडण्याचे अंतर कमी होते आणि झटकाही कमी बसतो. म्हणून जागा शक्यतो डोक्यावर, निदान छातीच्या वर शोधावी.

ती जागा किती भक्कम हवी, याची कल्पना यावी म्हणून सांगतो : अमेरिकेतील ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत दर माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे जवळजवळ २,२७० किलो भार सहन करील अशी जागा मागितली आहे. कठड्याचा आडवा पाइप एवढा झटका घेऊ शकत नाही. परांचीच इमारतीला नीट बांधलेली नसेल, तर पडणारा माणूस तिला आपल्याबरोबर खेचून आणतो आणि वरची सगळीच माणसे खाली येतात. हुक इमारतीच्या काँक्रीटच्या खांबाला किंवा गच्चीवरून सोडलेल्या, वेगळ्या बांधलेल्या लाइफलाइनला लावावा. परांचीवर पुढे सरकताना क्षणभरही मोकळे राहू नये यासाठी दोन हुकांची दोरी मागून घ्या. एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

केवळ कमरेला बांधायचा पट्टा दिला असेल तर तो परत करा. त्याने पडणे थांबले तरी सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. छाती, खांदे आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण हार्नेसच हवा. आणि माणूस हार्नेसमध्ये लटकून राहिला तर त्याला लवकर खाली घ्यावे लागते, कारण पाय लोंबकळत निश्चल राहिल्याने रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. त्याला कोण उतरवणार, शिडी कोठे आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे. आपल्या ठेकेदाराने दंडाची पद्धत घातली, पण हे ठरवले नाही, याचे मला वाईट वाटते. त्याआधीचे त्याचे कर्तव्य तर परांचीला कठडा बसवण्याचे आहे : कमरेच्या वर, साधारण एक मीटर उंचीवर एक पाइप, त्याच्या आणि फळीच्या मध्ये दुसरा, आणि फळीच्या कडेला हत्यारे खाली पडू नयेत म्हणून उभी पट्टी. कठडा माणसाला पडूच देत नाही. बेल्टचे काम माणूस पडल्यानंतर सुरू होते.

प्रश्न : कळंबा रस्त्यालगत आमच्या सात मजली इमारतीचा गिलावा चालू आहे. शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे परांचीला पूर्ण हिरवी जाळी लावली. परवाच्या वळवात परांची भिंतीपासून हलली आणि दोन ठिकाणी पाइप खाली बसले. काही कोसळले नाही. परांची तीच ठेवून काम पुढे चालू करण्यास हरकत आहे का?
— साइट इंजिनिअर

उत्तर : आज हरकत आहे. परांची पूर्ण तपासून, दुरुस्त करून आणि नव्याने फलक लावूनच काम सुरू करावे. आपण लिहिलेल्या दोन गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत.

जाळी लावण्यापूर्वी वारा पाइपांमधून आरपार जात होता. जाळी लागताच तीच परांची शिडासारखी झाली. वळवाचा वारा एका दिशेने येत नाही. तो आधी दाबतो आणि मग ओढतो. दाबताना परांची भिंतीवर रेलते, ओढताना मात्र तिला धरून ठेवणारे असतात ते केवळ इमारतीशी जोडणारे सांधे. ओशाच्या नियमांत परांचीची उंची तिच्या पायाच्या रुंदीच्या चौपटीहून जास्त झाली की तिला इमारतीशी बांधणे सक्तीचे आहे. आपली सात मजली परांची त्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. माझा सल्ला असा, की जाळी ठेवायची असेल तर प्रत्येक मजल्यावर बांधणी करावी आणि टोकाकडच्या, कोपऱ्यावरच्या उभ्या पाइपांना एकही मजला सोडू नये. खिडकीच्या चौकटीला किंवा प्लास्टिकच्या पाइपला गुंडाळलेली बाइंडिंगची तार ही बांधणी मानू नये. काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घ्यावा किंवा खांबाभोवती पाइपची चौकट कप्लरने आवळावी. गिलावा करणारी टोळी आपल्या आड येणारी बांधणी सोडते आणि पुन्हा लावत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तेव्हा बांधणी सोडण्याची मुभा एकाच माणसाकडे ठेवा, आणि शेजारी दुसरी लावल्याशिवाय जुनी सोडू नये, हे टोळीच्या म्होरक्याला सर्वांसमोर सांगा.

पाइप बसले ते मातीमुळे. पाया भरताना इमारतीच्या चारी बाजूंनी जे खोदले होते ते भरावाने बुजवलेले असते आणि परांची नेमकी त्याच पट्ट्यावर उभी राहते. उन्हाळ्यात हा भराव दगडासारखा कडक वाटतो. पहिले पाणी मुरले की तो खचतो, आणि त्यात काळी माती असेल तर ती फुगते आणि मऊही पडते. एक पाइप अर्धा इंच बसला तर त्याचा भार शेजारच्या पाइपांवर जातो, ते नंतर बसतात, आणि मधले सांधे पिळवटतात. म्हणून बसलेल्या पाइपखाली दगड किंवा विटेचा तुकडा सारून चालत नाही. वीट अशा भाराखाली फुटते. भराव मुरूम घालून चोपून घ्यावा, त्यावर दोन पाइपांखाली मिळून एक अशी लांब जाड फळी टाकावी, तिच्यावर बेस प्लेट आणि उंची कमी-जास्त करणारा स्क्रू जॅक बसवून ओळंबा पुन्हा साधावा. गच्चीच्या पन्हाळ्यांचे पाणी परांचीच्या पायाशी पडत असेल, तर ते आजच दुसरीकडे वळवा.

वजनाचाही विचार करा. दोन उभ्या पाइपांमधला एक गाळा घ्या. त्यात दोन गवंडी म्हणजे दीडशे किलो, मालाने भरलेल्या चार पाट्या म्हणजे जवळजवळ शंभर किलो, आणि कोणी सोयीसाठी शंभर विटा चढवून ठेवल्या तर आणखी तीनशे. साडेपाचशे किलो एका गाळ्यावर कधी जमा झाले, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दीड इंची फळीला पाच फुटांच्या आत आधार मिळाला पाहिजे आणि तिचे टोक आधाराबाहेर सहा इंचांहून जास्त नको, नाही तर त्यावर पाय पडताच फळी उलटते. आकाश भरून आले की वरची माणसे उतरवण्याचा निर्णय आपण घ्यायचा. वारा सुटल्यावर सात मजले उतरायला वेळ उरत नाही.

प्रश्न : मंगळवार पेठेत आमचे जुने दुमजली घर आहे. रंगारी बांबूची परांची बांधणार म्हणतो. बांबू चालतो का?
— एक घरमालक

उत्तर : दुमजली घराच्या रंगकामाला चालतो, जर बांबू पक्का, न चिरलेला आणि न किडलेला असेल व सुंभ नवा असेल. गेल्या वर्षीचा, पावसात भिजून वाळलेला सुंभ हातात धरून पिळा. त्याचे धागे तुटत असतील तर तो वापरू देऊ नका. बांबूची टोके जमिनीत रोवलेली असावीत आणि परांची घराला धरलेली असावी. सज्जाच्या जुन्या लाकडी कठड्याला ती बांधू देऊ नये.

पेठांतल्या अरुंद बोळांत खरी भीती विजेची असते. तार घराच्या तीन मीटरच्या आत असेल, तर महावितरणकडे आधी अर्ज करून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या. ओला बांबूही वीज वाहतो, आणि लोखंडी पाइप उभा करताना वीस फुटांचे टोक वर कोठे लागते आहे याकडे खालच्या माणसाचे लक्ष नसते. घर आपले आहे, तेव्हा हा अर्ज रंगाऱ्यावर सोपवू नका.

प्रश्न : ऑफ सीझनला आम्हांला इव्हॅपोरेटरच्या (रस आटवण्याच्या बंद भांड्याच्या) बॉडीत आणि पॅनमध्ये परांची बांधून काम करावे लागते. आत वारा नाही, पाऊस नाही. तरी तेथे वेगळी काळजी घ्यावी लागते का?
— फिटर, कागल तालुक्यातील साखर कारखाना

उत्तर : घ्यावी लागते. सगळे साहित्य मॅनहोलमधून आत न्यायचे म्हणून पाइप आखूड कापलेले असतात, त्यामुळे सांधे वाढतात, आणि बाहेरच्यासारखी बांधणी करायला तेथे खांब नसतो. परांची चारी बाजूंनी बॉडीच्या भिंतीला पाइपांनी टेकवून, ती कोणत्याच दिशेला सरकणार नाही अशी अडकवावी लागते. लोखंडी भांड्यात लोखंडी परांचीवर उभ्या असलेल्या घामाघूम माणसाला घरगुती दाबाची वीज जिवंत सोडत नाही, म्हणून हातदिवा २४ व्होल्टचाच वापरायचा, हा कारखाने अधिनियमापासून चालत आलेला नियम आहे. वेल्डिंगच्या यंत्राची अर्थिंग परांचीच्या पाइपला कधीही लावू नका. वाफेच्या आणि रसाच्या लाइनी ब्लँक केल्या, म्हणजे पक्क्या बंद केल्या, आहेत का आणि आतली हवा तपासली आहे का, याचा परवाना पाहूनच आत जावे. मॅनहोलपाशी एक माणूस सतत बसलेला हवा. एक गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते : परांचीचे पाइप मॅनहोलच्या तोंडाआड येता कामा नयेत. बेशुद्ध माणूस स्ट्रेचरवरून बाहेर काढता येईल एवढी वाट बांधतानाच मोकळी ठेवा.

प्रश्न : माझी आई बांधकामावर बिगारी म्हणून पाट्या वाहते. तेथे शिडी नाही. बायकांनी तिरप्या पाइपांवरून पाय टाकत वर जायचे. ती नाही म्हणाली, तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल आणि नव्वद दिवसांचा दाखलाही देणार नाही, अशी तिला भीती वाटते. तिने काय करावे?
— एक मुलगी, फुलेवाडी

उत्तर : आईंना सांगा, की त्यांचे म्हणणे योग्य आहे. परांचीच्या तिरप्या पाइपांवरून चढणे कोणालाही चालत नाही, आणि डोक्यावर पाटी घेऊन तर मुळीच नाही. शिडी वर आणि खाली बांधलेली असावी, चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने तिचा पाय भिंतीपासून बाहेर असावा आणि वरच्या फळीच्या पुढे ती तीन फूट निघालेली असावी, म्हणजे उतरताना धरायला आधार मिळतो. शिडी हा माणसांचा रस्ता आहे; माल दोरी-कप्पीने किंवा लहान हॉइस्टने वर गेला पाहिजे. जीविताला धोका आहे असे कामगाराला सकारण वाटत असेल, तर ते मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही मान्य केलेला आहे.

मात्र रोजंदारीवरच्या बाईने एकटीने ठेकेदारासमोर उभे राहावे, असा सल्ला मी देणार नाही. त्या पाच-सहा जणींनी मिळून, शक्य तर गवंड्यांनाही सोबत घेऊन, साइट इंजिनिअरला सांगावे. ठेकेदारापेक्षा इंजिनिअरला सांगणे सोपे जाते, कारण शिडीचा खर्च त्याच्या खिशातून जात नाही आणि अपघाताची चौकशी मात्र त्याच्याकडे येते. तरीही काही झाले नाही, तर कोल्हापुरातील सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

दाखल्याविषयी भीती बाळगू नका. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील वर्षात ९० दिवसांचे काम एवढी अट आहे. हा दाखला ठेकेदाराप्रमाणेच ग्रामसेवक किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याकडूनही मिळू शकतो. त्यासाठी आईंनी कोणत्या तारखेला कोठे काम केले, याची एक वही आजपासून घालावी. ती आपणच लिहून द्या.